कंपवात आणि खाजकुहिली : वनस्पतींच्या अर्कात आशा किती, आधार किती?

लोहारा (जि. धाराशिव) : खाजकुहिलीचे नुसते नाव काढले तरी अंगाला खाज सुटावी, अशी या वेलीची ग्रामीण महाराष्ट्रात ख्याती आहे. कुंपणावर आणि झुडपांवर चढणाऱ्या या वेलीच्या शेंगेवर तपकिरी रंगाची मखमली लव असते. ती त्वचेला लागली की माणूस हैराण होतो. शाळकरी पोरांच्या खोड्यांमध्ये या शेंगेने पिढ्यान्‌पिढ्या मानाचे स्थान राखले आहे. मात्र याच शेंगेतील बियांमध्ये कंपवातावरील सर्वांत प्रभावी औषध नैसर्गिक स्वरूपात साठवलेले असते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्सचा आजार, हा प्रामुख्याने उतारवयात जडणारा मेंदूचा विकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात या आजाराचे ८५ लाखांहून अधिक रुग्ण होते. लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावातील रुग्णाला मेंदूविकारतज्ज्ञाकडे जायचे तर सहसा सोलापूर किंवा लातूरची वाट धरावी लागते. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली मुले गावाकडच्या आई-वडिलांसाठी कोणी सुचवलेले चूर्ण किंवा कॅप्सूल पाठवून देतात. ‘हे वनस्पतीचे आहे, अपाय तर काही होणार नाही’ असे म्हणून ते सुरूही होते. या विश्वासामागे शास्त्रीय आधार किती आहे, याचा शोध घेतला असता हाती लागणारे उत्तर साध्या ‘हो’ किंवा ‘नाही’मध्ये मावत नाही.

मेंदूत नेमके काय बिघडते?

लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे पद्धतशीर वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव मिळाले. त्यांचा जन्मदिवस, ११ एप्रिल, हा जागतिक पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो. मेंदूच्या तळाशी ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’ नावाचा काळसर रंगाचा छोटा भाग असतो. तेथील चेतापेशी डोपामिन हे रसायन तयार करतात. शरीराच्या हालचालींमध्ये सहजता आणि ताल राहावा यासाठी डोपामिन आवश्यक असते. कंपवातात या पेशी हळूहळू मरत जातात. त्यामुळे हात थरथरणे, स्नायू ताठर होणे, हालचाली मंदावणे, चालताना पाय अडखळणे, अक्षर बारीक होत जाणे आणि चेहऱ्यावरील भाव हरपणे अशी लक्षणे दिसू लागतात. सर्वच रुग्णांना कंप असतो असे नाही आणि प्रत्येक कंप हा कंपवाताचाच असतो असेही नाही.

या आजाराची एक क्रूर बाजू अशी, की तो बऱ्याच उशिरा उघडकीस येतो. हाताचा कंप जाणवू लागतो तोवर डोपामिन तयार करणाऱ्या पेशींपैकी मोठा हिस्सा नष्ट झालेला असतो. म्हणूनच संशोधकांपुढे दोन वेगवेगळे प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न, कमी पडलेल्या डोपामिनची भरपाई कशी करायची? दुसरा, उरलेल्या पेशी मरण्यापासून कशा वाचवायच्या? वनस्पतींच्या अर्कांविषयी होणाऱ्या दाव्यांमध्ये या दोन प्रश्नांची वारंवार सरमिसळ केली जाते.

सर्पगंधेपासून सुरू झालेली कथा

कंपवातावरील आधुनिक उपचारांच्या इतिहासात दोन भारतीय वनस्पतींना महत्त्वाचे स्थान आहे. त्यातील पहिली सर्पगंधा. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये लेख लिहून उच्च रक्तदाबावरील सर्पगंधेचा गुण जगापुढे मांडला. त्यानंतर १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी या वनस्पतीच्या मुळातून ‘रेसर्पिन’ हे द्रव्य वेगळे केले. रेसर्पिनमुळे मेंदूतील डोपामिनचा साठा रिता होतो. स्वीडनचे शास्त्रज्ञ अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये प्राण्यांना रेसर्पिन दिले तेव्हा ते निश्चल झाले. मात्र ‘डोपा’ टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागले. डोपामिनचे हालचालींशी असलेले नाते त्यातून उलगडले. या कार्याबद्दल कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

दुसरी वनस्पती म्हणजे खाजकुहिली. संस्कृतमध्ये ती कपिकच्छू किंवा आत्मगुप्ता या नावांनी, तर वैद्यांच्या दुकानात कवचबीज म्हणून ओळखली जाते. लेव्होडोपा हे द्रव्य १९१३ मध्ये मार्कुस गुगेनहाइम यांनी घेवड्याच्या कुळातील ‘फाबा’ शेंगांतून वेगळे केले होते. एम. दामोदरन आणि आर. रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ मध्ये खाजकुहिलीच्या बियांतून ते मिळवले. या द्रव्याचा कंपवाताशी काही संबंध आहे, याची तेव्हा कोणाला कल्पना नव्हती. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेत डॉ. जॉर्ज कोट्झियास यांनी डोपाची मात्रा सावकाश वाढवत नेऊन रुग्णांमध्ये लक्षणीय सुधारणा दाखवून दिली आणि उपचारांचे नवे पर्व सुरू झाले.

लेव्होडोपाची गंमत अशी, की डोपामिन थेट दिले तर ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. लेव्होडोपा मात्र शिरू शकते आणि आत गेल्यावर त्याचे डोपामिन होते. परंतु नुसते लेव्होडोपा घेतले तर त्यातील बराच भाग मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच शरीरात खर्ची पडतो आणि मळमळ, उलट्या असे त्रास होतात. यावर तोडगा म्हणून गोळीत कार्बिडोपा मिसळतात. त्यामुळे लेव्होडोपाची गरज सुमारे ७५ टक्क्यांनी कमी होते. आज देशभर मिळणाऱ्या गोळ्यांत ही जोडी असते आणि राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत तिचा समावेश आहे.

मुंबईतील पायाभूत काम

खाजकुहिलीचा कंपवातावर वापर करून पाहण्याचे सुरुवातीचे महत्त्वाचे काम मुंबईत झाले. डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा याविषयीचा शोधनिबंध १९७८ मध्ये ‘न्यूरॉलॉजी इंडिया’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अमेरिकेत कार्यरत असलेले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. बाला मन्यम यांनी १९९० मध्ये आयुर्वेदातील कंपवात आणि लेव्होडोपा यांच्या नात्यावर प्रकाश टाकला.

पुढचा टप्पा १९९५ चा. खाजकुहिलीच्या बियांपासून तयार केलेले ‘एचपी-२००’ हे चूर्ण ६० रुग्णांना १२ आठवडे देण्यात आले. त्यांपैकी २६ रुग्ण आधीपासून लेव्होडोपाच्या गोळ्या घेत होते, तर ३४ जणांनी ते कधीच घेतलेले नव्हते. साडेसात ग्रॅमची पुडी पाण्यात मिसळून दिवसातून अनेकदा घ्यायची, अशी पद्धत होती. रुग्णांच्या लक्षणांत स्पष्ट सुधारणा दिसली. मुंबईच्या झंडू कंपनीने हेच चूर्ण ‘झंडोपा’ या नावाने बाजारात आणले. मात्र या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आपण कोणते औषध घेत आहोत हे रुग्ण आणि डॉक्टर या दोघांनाही ठाऊक होते. अशा अभ्यासातून दिशा कळते, अंतिम निर्णय देता येत नाही.

आणखी एक भारतीय अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १८ रुग्णांना खाजकुहिली, अश्वगंधा, चिकणा आणि खुरासानी ओव्याच्या जातीतील एक वनस्पती यांचे दुधातील मिश्रण देण्यात आले. ज्या १३ रुग्णांवर आधी शोधन आणि नंतर शमन असे दोन्ही उपचार झाले त्यांना चांगला गुण आला. केवळ शमन उपचार घेतलेल्या पाच जणांना तितका आला नाही. या मिश्रणाचे रासायनिक पृथक्करण केले असता एका मात्रेत सुमारे २०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आढळले. म्हणजे चूर्ण आयुर्वेदाचे असले तरी गुण देणारे प्रमुख द्रव्य तेच होते, जे आधुनिक गोळीत असते.

परदेशातील चाचण्या काय सांगतात?

लंडनमध्ये २००४ साली आठ रुग्णांवर झालेली चाचणी या विषयात वारंवार उद्धृत केली जाते. रुग्णाला किंवा तपासणाऱ्याला औषधाची ओळख कळू न देता ती पार पडली. खाजकुहिलीच्या ३० ग्रॅम चूर्णाचा परिणाम सरासरी ३५ मिनिटांत सुरू झाला, तर नेहमीच्या गोळीला ६९ मिनिटे लागली. चूर्णाचा प्रभाव सरासरी ३७ मिनिटे अधिक टिकला आणि अंगाच्या अनैच्छिक हालचाली वाढल्या नाहीत. दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हियात १८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही भाजलेल्या बियांच्या चूर्णाची एकेक मात्रा गोळीच्या तोडीची ठरली. ज्यांना गोळ्या परवडत नाहीत अशा गरीब देशांतील रुग्णांसाठी हा पर्याय होऊ शकतो, असा संशोधकांचा विचार होता.

परंतु एक मात्रा देऊन पाहणे वेगळे आणि महिनोन्‌महिने तेच औषध घेणे वेगळे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १६ आठवड्यांच्या अभ्यासात १४ रुग्णांपैकी सात जणांनी चूर्ण मध्येच सोडून दिले. चौघांना पोटाचे त्रास झाले, तर तिघांच्या हालचाली बिघडत गेल्या. गोळ्यांच्या टप्प्यात मात्र कोणीही औषध सोडले नाही. जाहिरातींमध्ये लंडनच्या चाचणीचा उल्लेख हमखास असतो. या दुसऱ्या अभ्यासाचा क्वचितच.

लक्षणे कमी होणे आणि पेशी वाचणे

आता मुख्य प्रश्न. खाजकुहिली किंवा अन्य वनस्पती कंपवातापासून संरक्षण देतात काय? मेंदूतील पेशींचा नाश थांबवतात काय?

प्रयोगशाळेतील उत्तर आशादायक आहे. डॉ. मन्यम आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून खाजकुहिलीच्या बियांतील गराचा संरक्षक परिणाम दिसल्याचे नोंदवले. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०११ मध्ये सूक्ष्म कृमींवर ब्राह्मीचे प्रयोग केले आणि कंपवाताशी निगडित प्रथिनाचे साचणे कमी झाल्याचे दाखवले. हळदीतील कर्क्युमिन, अश्वगंधा आणि हिरव्या चहातील द्रव्ये यांच्याविषयीही असेच अनेक शोधनिबंध उपलब्ध आहेत.

मात्र येथे थोडे थांबायला हवे. प्रयोगशाळेतील उंदराला कंपवात आपणहून होत नाही. त्याला विषारी द्रव्य देऊन काही दिवसांत त्याच्या पेशी मारल्या जातात आणि बहुतेकदा त्याच्या आधी किंवा सोबत वनस्पतीचा अर्क दिला जातो. माणसात हीच प्रक्रिया अनेक वर्षे चालते आणि औषध सुरू होते ते पेशी मेल्यानंतर. शिवाय कर्क्युमिनसारखे द्रव्य आतड्यातून फारच कमी शोषले जाते. परीक्षानळीत पेशीवर थेट टाकलेली मात्रा मेंदूपर्यंत पोहोचेलच असे नाही.

उंदरांत यशस्वी झालेल्या संरक्षक द्रव्यांनी माणसांत निराशा केल्याची उदाहरणे कमी नाहीत. अमेरिका आणि कॅनडातील ८०० रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत ई जीवनसत्त्व निरुपयोगी असल्याचे १९९३ मध्ये स्पष्ट झाले. कोएन्झाइम क्यू-१० ची मोठी चाचणी लाभ दिसत नसल्याने थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. क्रिएटिनची १,७४१ रुग्णांवरील चाचणीही २०१५ मध्ये अपयशी ठरली. आजच्या घडीला कंपवाताची वाटचाल थांबवते असे माणसांतील चाचण्यांत निर्विवाद सिद्ध झालेले एकही औषध नाही. त्यात वनस्पतींचे अर्कही आले आणि कारखान्यात तयार झालेल्या गोळ्याही आल्या.

चहा-कॉफीचे उदाहरण याच संदर्भात बोलके आहे. हवाई बेटांवरील ८,००४ जपानी वंशाच्या पुरुषांच्या सुमारे ३० वर्षांच्या नोंदींवरून कॉफी पिणाऱ्यांत कंपवात कमी आढळतो, असे २००० मध्ये दिसून आले. परंतु आजार जडल्यानंतर कॅफिन दिल्याने लक्षणांत फरक पडत नाही, असे १२१ रुग्णांवरील चाचणीने २०१७ मध्ये दाखवले. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण असतेच असे नाही.

गोळी ‘राखून ठेवण्याचा’ गैरसमज

वनस्पतींकडे वळणाऱ्या अनेक कुटुंबांच्या मनात एक भीती असते. लेव्होडोपाची गोळी लवकर सुरू केली तर तिचा गुण पुढे संपेल, म्हणून ती शक्य तितकी लांबवावी, अशी ती भीती. या समजुतीची दोन अभ्यासांनी कसून तपासणी केली. आफ्रिकेतील घाना देशात रुग्णांना गोळ्या फार उशिरा मिळतात. तेथील रुग्णांची इटलीतील रुग्णांशी तुलना २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. अनैच्छिक हालचालींसारख्या गुंतागुंती गोळी किती वर्षे घेतली यापेक्षा आजार किती जुना आहे आणि मात्रा किती मोठी आहे यावर अवलंबून असतात, असे त्यात आढळले. नेदरलँड्समधील ४४५ रुग्णांच्या चाचणीत काहींना गोळी लगेच, तर काहींना ४० आठवड्यांनी सुरू करण्यात आली. ८० आठवड्यांनंतर दोन्ही गटांत फरक नव्हता, असे २०१९ मध्ये जाहीर झाले. लेव्होडोपा आजार थांबवत नाही, तसे ते तो वाढवतही नाही. त्यामुळे त्रास सोसत गोळी लांबवण्यात रुग्णाच्या पदरी काही पडत नाही. लांबतात ते केवळ त्याचे हाल.

वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक नव्हे

प्राण्यांमध्ये कंपवात निर्माण करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या विषांपैकी रोटेनोन हे स्वतःच एक वनस्पतिजन्य द्रव्य आहे. डेरिससारख्या वनस्पतींच्या मुळांतून ते मिळते आणि कीटकनाशक म्हणून वापरले जात असे. अमेरिकेतील संशोधकांनी २००० मध्ये उंदरांना ते सतत देऊन कंपवातासारखी स्थिती निर्माण केली. रोटेनोन आणि पॅराक्वाट हे तणनाशक यांच्या संपर्कात आलेल्या लोकांत कंपवाताचे प्रमाण सुमारे अडीचपट आढळल्याचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. धाराशिवसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात फवारणी करताना हातमोजे आणि मुखपट्टी वापरण्याचा आग्रह धरणे, हे कोणत्याही अर्काइतकेच विचारात घेण्याजोगे संरक्षण आहे.

खाजकुहिलीही निरुपद्रवी नाही. मोझांबिकमध्ये १९८९ साली दुष्काळात लोकांनी या बिया पाणी न बदलता शिजवून खाल्ल्या तेव्हा दोनशेहून अधिक जणांना तीव्र मनोविकाराचे झटके आले. आयुर्वेदातही हे बी दुधात शिजवून, साल काढून, शुद्ध करूनच वापरण्याचा दंडक आहे.

मात्रेचा घोळ हा त्याहून मोठा धोका आहे. बियांमध्ये लेव्होडोपाचे प्रमाण साधारण चार ते सहा टक्के असते. म्हणजे पाच ग्रॅम चूर्णात २०० ते ३०० मिलिग्रॅम लेव्होडोपा असू शकते. आधीच गोळी घेणाऱ्या वृद्धाने डॉक्टरांना न सांगता त्यात हे चूर्ण मिसळले, तर रक्तदाब एकाएकी उतरणे, भास होणे किंवा अंग वेडेवाकडे हलणे असे प्रकार घडू शकतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या खाजकुहिलीच्या १६ उत्पादनांची तपासणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत एका मात्रेतील लेव्होडोपा दोन मिलिग्रॅमपासून २४१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. बाटलीवर नाव एकच असले तरी आत काय आहे याची खात्री देता येत नाही.

कायद्याची भूमिकाही लक्षात घेण्यासारखी आहे. औषध नियमावलीतील ‘अनुसूची जे’मध्ये ज्या आजारांना बरे करण्याचा दावा औषधाच्या वेष्टनावर करता येत नाही, त्यांत पार्किन्सनिझमचा समावेश आहे. ‘कंपवात मुळापासून बरा’ अशी जाहिरात दिसली तर तेवढ्यावरूनच सावध व्हावे.

रुग्ण आणि नातेवाइकांनी काय करावे?

* चालू गोळ्या स्वतःच्या मनाने कमी किंवा बंद करू नयेत. लेव्होडोपा एकदम थांबवल्यास तीव्र ताप, स्नायूंचा ताठरपणा आणि शुद्ध हरपणे असा जीवघेणा प्रकार उद्भवू शकतो.

* कवचबीज, अश्वगंधा किंवा अन्य कोणतेही चूर्ण घेत असल्यास त्याचे नाव आणि मात्रा मेंदूविकारतज्ज्ञाला सांगावी. आयुर्वेदिक उपचार घ्यायचे तर ते नोंदणीकृत वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावेत. धाराशिव शहरात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. वैद्य आणि डॉक्टर या दोघांनाही एकमेकांच्या औषधांची यादी दाखवावी.

* गोळी शक्यतो जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यावी. डाळी, दूध, मांस यांतील प्रथिने लेव्होडोपाच्या शोषणाशी स्पर्धा करतात. हा नियम चूर्णालाही लागू पडतो. दुधातून चूर्ण घेण्याची सवय असेल तर डॉक्टरांशी बोलावे.

* चालणे, व्यायाम आणि तोल सांभाळण्याचा सराव नियमित ठेवावा. अमेरिकेत १२८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ट्रेडमिलवरील जोरकस व्यायाम करणाऱ्यांची लक्षणे सहा महिन्यांत इतरांपेक्षा कमी बिघडली. मात्र व्यायामाची तीव्रता वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावी.

* आधारगटांची मदत घ्यावी. मुंबईत २००१ पासून ‘पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी’, तर पुण्यात ‘पार्किन्सन्स मित्रमंडळ’ रुग्ण आणि कुटुंबीयांसाठी काम करते.

खाजकुहिलीच्या बीमध्ये औषध आहे, हे सत्य आहे. आयुर्वेदाने या बीचे मोल ओळखले होते आणि मुंबईच्या संशोधकांनी ते आधुनिक कसोटीवर घासून पाहिले, हेही अभिमानास्पद आहे. परंतु ते औषध लक्षणांवरचे आहे. मेंदूतील पेशींचे कवच म्हणून ते माणसांत अद्याप सिद्ध झालेले नाही. गावाकडच्या वडिलांना चूर्णाची बाटली पाठवणाऱ्या मुलाने तिच्यासोबत त्यांच्या डॉक्टरांना एक फोनही करावा. चूर्ण घ्यावे की नाही, घ्यायचे तर किती आणि गोळीच्या कोणत्या वेळा सांभाळून, हे त्या एका संभाषणात ठरू शकते.